कठड्याच्या आतली खुर्ची

रुपचंदकाकांना हायकोर्टाचा रेशमी झगा मिळाला ते साल एकोणीसशे चोवीस. खानदेशाचे दोन जिल्हे होऊन बरीच वर्षं झाली होती, जळगावला कलेक्टर बसायला लागला होता, तरी मोठा साहेब यायचा म्हटलं की मांडव धुळ्यालाच पडे. जळगावकरांना त्याचा राग होताच. आमच्या घरात त्या वर्षी त्याहून मोठा राग शिरला. मी आता ऐंशी ओलांडली, पण तो राग काही म्हातारा झाला नाही.

बातमी आणली ती नानांनीच. नाना म्हणजे माझे सासरे, जीवराम झांबरे वकील. कोर्टातून आले, पागोटं उतरवून कोनाड्यात ठेवलं आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "रुपचंदला सिल्क देताहेत."

असोद्याहून अक्का आल्या होत्या. नाना आणि त्यांचे धाकटे भाऊ रुपचंदकाका या दोघांची ही थोरली बहीण, यशोदाबाई. तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"शिल्लक? कोनाची शिल्लक?"

"शिल्लक नाही अक्का, सिल्क. रेशीम. हायकोर्टानं ठरवलंय, जुन्या बॅरिस्टरांचा मान करायचा. मुंबईहून जज्ज येणार. सुती झगा जाऊन काळा रेशमी झगा येणार. कोर्टात कठड्याच्या आत खुर्ची, आणि सगळ्यांच्या आधी बोलायचा हक्क. दोन्ही खानदेश मिळून दोघांनाच. एक धुळ्याचे, आणि एक आपला."

"म्हंजे गोऱ्यायचं वाटून झालं," अक्का म्हणाल्या, "आन् शिल्लक राह्यली ते आपल्या रुपचंदाले."

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या झग्याचं नाव 'शिल्लक' पडलं. शिंप्याकडे गेलेल्या माणसालासुद्धा विचारलं जाई, शिल्लक शिवून झाली का?

विलायतेला खरं जायचं होतं नानांना. वडील गेले, घरची शेती कोणीतरी बघायला हवी होती, म्हणून त्यांनी स्वतः सनदेची परीक्षा देऊन जळगावातच वकिली धरली आणि धाकट्या भावाला बोटीवर चढवलं. त्याबद्दल नानांनी कधी तोंडातून शब्द काढला नाही. त्यांना राग यायचा तो एकाच गोष्टीचा, साक्षीदाराच्या बोलण्याचं चुकीचं भाषांतर केल्याचा. आमच्याकडच्या साक्षीदारानं म्हणावं, "तो माझ्या वावरात व्हता," आणि घाटावरून नव्यानं आलेल्या शिरस्तेदारानं साहेबाला सांगावं की तो माझ्या सहवासात होता. नाना ताडकन उभे राहत. "वावर म्हणजे शेत, साहेब. माणूस शेतात होता." एका शब्दापायी फाशी टळलेली माणसं आमच्या ओट्यावर येऊन केळीचे घड ठेवून जात.

असे दोघे भाऊ. नाना वकील, काका बॅरिस्टर. नानांना कोर्टात उभं राहून जास्त वर्षं झालेली, पण बॅरिस्टर कितीही नवा असला तरी वकिलाच्या पुढे. हा सरकारचा नियम. घरात मात्र नियम उलटा होता आणि तो कोणी लिहिलेला नव्हता. नाना पाटावर बसल्याशिवाय काका बसत नसत. स्टेशनाकडच्या बंगलीतून सुटाबुटात येत, हातपाय धूत आणि ओल्या हातांनी भिंतीशी उभे राहत. सुरीकाट्यानं जेवणारा माणूस, पण आमच्या घरी उभा.

यावलचे चिंधामामा दोघा भावांचे सख्खे मामा. बातमी कळताच ते आले ते भांडायच्या तयारीनंच.

"नवं कापड अंगावर चढून राह्यलं ना? मंग ते मामाचं. कोर्ट कोन लागून गेलं देनारं?"

आणि मामांनी येवल्याहून पितांबर आणला. हळदीसारखा पिवळा, जांभळ्या काठाचा. तो उलगडून त्यांनी मांडीवर पसरला, तेव्हा त्यांना सांगावं लागलं की झगा काळा असतो.

"कायं?" मामा ओरडले; आमच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, काळं ते कायं. "भाच्याच्या अंगावर मामानं कायं कापड टाकाचं? मी काय त्याचा दुस्मन हाये?"

"रीतच तशी आहे मामा," काकांच्या पत्नी प्रमिलाबाई म्हणाल्या. त्या नाशिकच्या, शिकलेल्या. "सगळे मोठे बॅरिस्टर काळाच घालतात."

"सगये घालता तं घालोत. त्यायले मामा नसतीन."

शेवटी पितांबर मामांनी स्वतःच नेसून धुळ्याला यायचं ठरलं. हसण्यासारखे असे दिवस चालले होते, तोवर कार्यक्रमाचा छापील कागद आला.

माझे यजमान मगन तेव्हा नानांच्या हाताखाली काम शिकत होते. कागद वाचून ते सरळ स्वयंपाकघरात आले. माई, म्हणजे माझ्या सासूबाई धुरपदाबाई, चुलीवर वांगी भाजत होत्या.

"माई, काकांना जज्जापुढे सादर नाना करणार. दोन्ही जिल्ह्यांत तेच जुने म्हणून."

"मंग चांगलंच हाये की."

"सादर करायचं आणि कठड्याबाहेर जायचं. आत फक्त बॅरिस्टर बसणार."

माईंनी वांगं उलटवलं. "बाहीर म्हंजे कुठी?"

"बाहेर. मागे. वकिलांच्या बाकावर."

वांग्याची साल माईंनी इतकी गरम सोलली की बोटं लाल झाली. ऐकलं ते अक्कांनी, आणि त्या रविवारी भरिताच्या जेवणाला काका-काकू आले तेव्हा अक्कांनी तोंड उघडलं.

नाना अजून पक्षकारांशी बाहेर बोलत होते. काका नेहमीप्रमाणे ओल्या हातांनी भिंतीशी उभे.

"बस ना रे, भुका लागल्या असतीन," अक्का म्हणाल्या.

"नाना येऊ देत."

"धुयाले बी असाच उभा राहशीन का?"

काकांना कळलं. त्यांचा चेहरा उतरला. "अक्का, ते कोर्ट आहे. तिथं भाऊ नसतो कोणी."

"मंग काय असतो?"

"वकील असतो आणि बॅरिस्टर असतो."

"आन् तुले बॅरिस्टर कोनी केलं? हायकोर्टानं का माझ्या नानानं?"

"तेच तर," प्रमिलाबाई मध्ये पडल्या. "नानांनी केलं, म्हणून तर त्यांनीच पुढे आणायचं. यात मानच आहे त्यांचा."

"असा मान तुमच्या नाशकाले असीन. नवरदेवाले घोड्यावर बसवाचं आन् बापाले म्हनाचं, तू मांडवाच्या बाहीर थांब!"

तेवढ्यात नाना आले. काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही, त्यांना कळलं होतं. ते पाटावर बसले. मग काका बसले.

"नाना," काका म्हणाले, "मी नको म्हणून कळवतो. अजून वेळ आहे."

"कळवू नकोस. खुर्ची आपल्या घरात येतेय. मी सादर करेन, तू बसशील. झालं."

"पण नाना—"

"बसशील. जेव आता."

माई भरीत घेऊन आल्या. नानांनी ताटावर हात आडवा धरला, "नको, नको." माईंनी त्यांच्या दोन बोटांमधून वाढलं. आमच्याकडे पहिल्या 'नको'ला कोणी थांबत नाही, दुसऱ्यालाही नाही. थांबलं तर पाहुणा उपाशी उठतो आणि गावभर सांगतो. माई पुढे गेल्या आणि माझं लक्ष काकांकडे गेलं. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. ते मन लावून जेवत होते.

धुळ्याला जायला चाळीसगावी गाडी बदलावी लागे. पुरुष फलाटावर फेऱ्या मारत होते, मामा पितांबराचा सोगा सावरत चहावाल्याशी हुज्जत घालत होते. आम्ही बायका सामानावर बसलो. अक्का प्रमिलाबाईंकडे पाठ करून. प्रमिलाबाई माईंशी बोलायला लागल्या. आवाज खाली होता, पण त्यात धार होती.

"माई, तुम्हाला वाटतं मला खुर्चीची हाव आहे. आहेच. मुंबईत यांनी कसे दिवस काढलेत ते तुम्हाला ठाऊक नाही. गोऱ्या बॅरिस्टरांच्या वाचनालयात एक लांब टेबल होतं. हे जाऊन बसले की त्या बाजूचे लोक पुस्तकं उचलून दुसरीकडे जात. बोलत काही नसत, नुसते उठत. शेवटी हे उभं राहून वाचायला लागले. कपाटाशी उभे राहून, खटल्यामागून खटले. म्हणून जळगावला परत आलो आम्ही. आता तेच लोक म्हणताहेत, या, आत बसा. आणि मी म्हणू, नको, बसू नका?"

माईंनी रुळांवरची नजर काढून त्यांच्याकडे बघितलं.

"मी नही म्हनत बसू नका," त्या म्हणाल्या. "पन तुमच्या मानसाले उभं राहनं कसं लागते ते ठाऊक हाये ना? मंग दुसऱ्याचं त्यायले आपसूक कयीन."

प्रमिलाबाईंना ते लागलं की नाही, मला सांगता येत नाही. पण गाडीत त्यांनी खिडकीशेजारची जागा अक्कांना दिली, आणि अक्कांनी ती घेतली.

धुळ्याला ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे उतरलो होतो. सकाळी नाना आरशासमोर पागोटं बांधत होते, तेव्हा काका खोलीत गेले. त्यांच्यात काय बोलणं झालं ते नानांनी पुढे खूप वर्षांनी मला सांगितलं, त्यांचं दुखणं मी काढत होते तेव्हा. काका दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "नाना, तुम्ही एकदा सांगा. मी खरंच बसू?"

नाना आरशातच बघत होते. "त्याच्या प्रश्नानंच मला भरून आलं बघ," त्यांनी मला सांगितलं. "वाटलं, पोरगा बसणार नाही. आपण बस म्हणायचं, त्यानं नाही म्हणायचं. आपल्यात असंच असतं. मी म्हटलं, 'बस.' आणि पागोट्याचा शेव खोचला."

काका "बरं" म्हणून गेले.

कोर्टाच्या दारात झुलाल नावाच्या पट्टेवाल्यानं आम्हा बायकांना अडवलं. "माय, आठे बायास्नी जागा नई शे. बठ्ठ्या खुर्च्या साहेबलोकेस्न्या शेत."

"उभं राहाले तं जागा हाये ना?" अक्कांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या. आम्ही त्यांच्या मागे. भिंतीला टेकून उभ्या राहिलो. मामा पितांबर नेसून आमच्या बाजूला. सगळं कोर्ट काळं आणि मध्येच आमचे पिवळे मामा.

नानांचं इंग्रजी मला समजत नव्हतं, पण आवाज समजत होता. कठड्याच्या आत, मधोमध उभे राहून त्यांनी धाकट्या भावाचं नाव घेतलं, ते बारशाला पाळण्याशी घेतात तसं. शिरस्तेदारानं काकांच्या खांद्यावर झगा घातला. काका वाकले. जज्जसाहेबांनी हसून खुर्चीकडे हात केला.

नाना मागे सरले. कठड्याचं बुटकं दार ढकलून बाहेर आले. वकिलांच्या बाकावर बघतात तो जागा नाही. कलेक्टरांचे पाहुणे, टोप्या घातलेल्या दोन मडमा, कुठल्याशा कारखान्याचा एजंट. तरुण वकील दुसऱ्या टोकाला दाटीवाटीनं बसलेले. पाहुण्यांपैकी कोणी हललं नाही. पुढची खुर्ची काकांची, मागचा बाक पाहुण्यांचा, आणि पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत सगळ्या खानदेशातला सर्वांत जुना वकील कठड्यावर हात ठेवून उभा.

काकांनी वळून बघितलं. मी शपथेवर सांगेन, त्यांनी बघितलं. नानांनी हनुवटी किंचित खाली केली.

काका बसले.

"रुपचंद!" अक्कांचा आवाज भिंतीवर आपटला. "नाना उभा हाये ना रे!"

सगळं कोर्ट मागे वळलं. जज्जसाहेबांनी भुवया उंचावून काहीतरी विचारलं. शिरस्तेदार नवा, कोकणातला. त्याला अक्कांची बोली कळली नसावी, किंवा कळून घ्यायची नसावी. तो घाईनं म्हणाला, कोणी खेडवळ बाई आहे, आनंदानं ओरडली.

"माय लॉर्ड," नाना म्हणाले, "भाषांतर चुकलं आहे."

ते बोलून गेल्यावरच त्यांना कळलं असावं आपण काय बोललो. इतक्या वर्षांची सवय. पुढचं सगळं आमच्या यांनी मला त्याच दिवशी मराठीत समजावून सांगितलं, आणि ते मला पाठ आहे.

"मग तुम्ही करा," जज्ज म्हणाले. "ती काय म्हणते?"

नानांनी कठड्यावरचा हात काढला. "ती म्हणते, रुपचंद, नाना उभा आहे."

"नाना कोण?"

"मी, माय लॉर्ड."

"आणि ही बाई?"

"आम्हा दोघांची थोरली बहीण."

साहेबांनी बाकावरच्या मडमांकडे बघितलं, मग नानांकडे. त्या क्षणी ते म्हणू शकत होते, यांना एक खुर्ची द्या. पट्टेवाला चार हातांवर होता. ते म्हणाले, "तिला सांगा, न्यायालयातली जागा नियमानं ठरते, घरातल्या थोरपणानं नाही."

नाना आमच्याकडे वळले. आवाज तोच, साक्षीदाराशी बोलायचा. "अक्का, साहेब म्हनता, कोर्टातली जागा नियमानं ठरते, घरातल्या मोठेपनानं नही."

"त्यायले सांग, मी जागा नही मांगत. मी त्यायच्याशी बोलूनच नही राह्यली. मी माझ्या भावाशी बोलून राह्यली."

नानांनी तेही जसंच्या तसं सांगितलं. "ती आपल्याशी बोलत नाही, माय लॉर्ड. ती तिच्या भावाशी बोलते आहे."

वकिलांच्या टोकाला कोणीतरी फस्सकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले. ते काकांकडे वळून म्हणाले, "मिस्टर झांबरे, आपल्याला काही बोलायचं आहे?"

सगळ्यांच्या आधी बोलायचा हक्क काकांना मिळून घटका झाली नव्हती. खुर्चीच्या हातांवर त्यांची बोटं घट्ट झालेली मला मागून दिसत होती. ते अर्धे उठले. माईंनी माझं मनगट धरलं.

"नो, माय लॉर्ड," काका म्हणाले आणि पुन्हा बसले.

एवढं इंग्रजी अक्कांनाही समजलं. त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि त्या बाहेर गेल्या. पुढचा समारंभ संपेपर्यंत नाना तिथंच उभे होते.

व्यापाऱ्याच्या घरी जेवणं मांडली होती. कोणी बसेना. काका झगा न उतरवताच नानांसमोर आले. त्यांचा आवाज कापत होता, आणि तो रडण्यानं नव्हे, रागानं.

"मी घरी विचारलं, तुम्ही म्हणालात बस. सकाळी विचारलं, म्हणालात बस. तिथं वळून बघितलं, तुम्ही हनुवटी हलवलीत. मग माझं चुकलं कुठं?"

"कुठं नाही," नाना म्हणाले. "तू शब्द बरोबर ऐकलास."

"मी तिथं बोललो असतो तर तुमचा अपमान झाला असता! सगळ्या कोर्टात तुमची कीव झाली असती!"

"आन् आता काय झालं?" अक्का उसळल्या. "नाना ताटावर हात धरीसनी नको म्हने, तवा आपन वाढतोच ना रे? लहानपनापासून वाढलं ना? मंग त्याचं हे 'बस' तेवढं तुले खरं वाटलं? तुले पाह्यजेल व्हतं म्हनून खरं वाटलं!"

"मग माणसानं समजायचं तरी काय?" प्रमिलाबाई रडवेल्या झाल्या होत्या. "बस म्हणजे उभा राहा?"

"हो," माई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. तोवर चारचौघांत, दिरासमोर माईंचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"हो," माई पुन्हा म्हणाल्या. "आमच्यात तसंच असते."

नानांनी पाट ओढला आणि ते बसले. "जेवून घ्या सगळे. गाडी चुकेल." काकांकडे न बघता त्यांनी समोरच्या पाटाकडे हात केला. "बस."

काका उभेच राहिले.

पुढच्या दोन-चार वर्षांत कायदा बदलला. वकील आणि बॅरिस्टर एकाच नावाखाली आले, ॲडव्होकेट म्हणायला लागले सगळ्यांना. ज्या भेदापायी आमचं घर दुभंगलं तो सरकारनं कागदावरून पुसून टाकला, आणि आम्हाला कोणी सांगायलासुद्धा आलं नाही. नानांनी धुळ्याच्या कोर्टाची पायरी पुन्हा चढली नाही. तिकडची कामं ते दुसऱ्यांना देत. छत्तीस साली, जळगावच्या कोर्टात एका साक्षीचं भाषांतर दुरुस्त करता करता त्यांना चक्कर आली आणि आठवड्याभरात ते गेले.

आमच्या यांनी वकिलीची परीक्षा दिलीच नाही. सावद्याहून केळीच्या वॅगनी दिल्लीला पाठवायचा धंदा त्यांनी केला, आणि कोणी कारण विचारलं तर म्हणत, केळीला कठडा नसतो. चिंधामामा छत्तीसच्याच उन्हाळ्यात यावलला वारले. पितांबर त्यांच्या नातवाच्या लग्नात नेसला गेला. प्रमिलाबाई माझ्याशी शेवटपर्यंत गोड राहिल्या, आणि मी त्यांच्याशी. राग धरायचा तर त्यांच्यावर कशाला? त्यांचं सांगणं खरंच होतं.

अक्का एक्केचाळीस साली गेल्या. तोवर काका दर दिवाळीला असोद्याला जात. अक्का त्यांना पोटभर जेवू घालत, पण बोलत त्या दुसऱ्याला मध्ये घालून. "त्याले सांग, अजून एक पुरी घे म्हना." काका समोरच असत.

रुपचंदकाकांनी पुढे मोठमोठे खटले जिंकले. सत्तेचाळीसच्या मे महिन्यात ते गेले तेव्हा बाजारपेठ बंद होती. धुळ्याच्या त्या दिवसानंतर मात्र ते आमच्या घरात कधी बसले नाहीत. नाना होते तेव्हा नाही, नंतरही नाही. येत, ओट्याशी उभे राहत, घरच्यांची विचारपूस करत आणि जात. लोक म्हणत, बघा किती मन खातंय बॅरिस्टरांना, केवढा मोठा माणूस. मला ते ऐकून संताप येई. ज्या ओट्यावर कोणी अडवलं नव्हतं तिथं हा माणूस वर्षानुवर्षं उभा राहिला, आणि लोकांनी त्याचीही वाहवा केली.

नाना गेल्यावर एकदा ते असेच उन्हात उभे होते. वय झालेलं, हातात काठी. माईंनी त्यांना पाणी नेऊन दिलं, भांडं परत घेतलं आणि त्या आत आल्या. मला राहवलं नाही. राग असला म्हणून काय, म्हातारा माणूस तो. मी म्हटलं, "माई, तुम्ही एकदा बसा म्हणा ना त्यांना."

माईंनी भांडं विसळून पालथं घातलं.

"म्हनलं तं भाऊजी खरंच बसतीन," त्या म्हणाल्या.